अमेरिकेतून इंग्लंडला आलात आणि बाळ होणार आहे? मग हे वाचून ठेवा

मी अकरा वर्षांची असताना आईबाबांबरोबर ठाण्याहून अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला गेले, तिथेच शाळा, कॉलेज, नोकरी, तिथलीच नागरिक झाले, आणि २०२४ च्या सप्टेंबरात नवऱ्याच्या नोकरीपायी, गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, इंग्लंडमध्ये रेडिंगला येऊन उतरले. नवरा स्किल्ड वर्कर (नोकरीच्या) व्हिसावर, मी त्याची डिपेंडंट, म्हणजे माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला जोडलेला. जानेवारीत लेक झाली. त्या वर्षभरात मी ज्या ज्या ठिकाणी अडले ते सगळं इथे लिहितेय, कारण अमेरिकेतून येणाऱ्या मराठी मुली हल्ली बऱ्याच भेटतात आणि प्रत्येकीचे प्रश्न तेच असतात. इंग्लंडचं लिहितेय, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही गोष्टी वेगळ्या आहेत, जिथे माहिती आहे तिथे सांगीन.

एक गोष्ट आधीच सांगते. अमेरिकेत आपण इन्शुरन्स कार्ड दाखवलं की पुढचं सगळं ऑफिसवाले बघतात, कोपे (आपल्या वाट्याचे पैसे) भरा, सही करा, पुढची तारीख घ्या. इथे पैसे कुणी मागत नाही, आणि खरं सांगते, मदत अक्षरशः घराच्या दारात येते, पण ती यायला आपलं नाव योग्य ठिकाणी लागलेलं पाहिजे आणि नंतर विचारल्यावर आपण तोंड उघडून खरं सांगायला पाहिजे. या दोन गोष्टींत चुकलं की सगळं अडतं.

आल्या आल्या: जीपी आणि मिडवाइफ

जीपी म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर आणि त्याच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात. (माझ्या आईला फोनवर "उद्या सर्जरीला जायचंय" म्हटलं तर ती घाबरून रडायलाच लागली होती, तेव्हा घरच्यांना हा शब्द आधी समजावून सांगा.) घर मिळालं की त्याच आठवड्यात जवळच्या सर्जरीत नाव नोंदवा, ऑनलाइन फॉर्म असतो. आम्ही तेव्हा कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये होतो, नावावर लाइटबिल नाही काही नाही, आणि रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या पत्त्याचा पुरावा आणा मग बघू. आम्ही मुकाट परत आलो आणि दोन आठवडे बँकेच्या पत्राची वाट बघत बसलो. नंतर कळलं की एनएचएसचा (म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) नियमच असा आहे की नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र नसेल तरी अडवता येत नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर शांतपणे तेवढं सांगा आणि प्रॅक्टिस मॅनेजरला भेटायला मागा. त्या दोन आठवड्यांमुळे माझा वीस आठवड्यांचा स्कॅन बाविसाव्या आठवड्यात झाला. सगळं नीट होतं, पण तोवर रात्रीची झोप लागली नाही.

आणि मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की मिडवाइफकडे (म्हणजे बाळंतपण करणाऱ्या शिकलेल्या सुईणीकडे) जायला जीपीच्या चिठ्ठीची गरजच नसते. ज्या हॉस्पिटलात बाळंतपण करायचं त्यांच्या मॅटर्निटीच्या वेबसाइटवर स्वतःच फॉर्म भरता येतो, त्याला सेल्फ रेफरल म्हणतात. दिवस राहिल्याचं इथेच कळलं असेल तर लगेच भरा, पहिली मोठी भेट दहा आठवड्यांच्या आत व्हावी अशी त्यांची अपेक्षा असते, मग बाराव्या आठवड्याच्या आसपास एक स्कॅन आणि विसाव्याला दुसरा. बस, एवढेच दोन. अमेरिकेत माझ्या मैत्रिणींचे दर भेटीला स्कॅन व्हायचे, इथे काही अडचण असल्याशिवाय करत नाहीत, दुर्लक्ष होतंय असं समजू नका. ओबी, म्हणजे बाळंतपणाचा डॉक्टर, तर दिसतही नाही, सगळं मिडवाइफच बघते, बाळंतपणही तीच करते, काही गुंतागुंत झाली तरच डॉक्टर येतो. मला सुरुवातीला हे फार विचित्र वाटलं, पण मिडवाइफ बसून जेवढं ऐकून घेते तेवढं मला कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

आपण मूळचे भारतीय म्हणून साखरेची टेस्ट २४ ते २८ आठवड्यांत नक्की देतील. ती घ्याच, नको म्हणू नका. अमेरिकेत आधी एक तासाची छोटी टेस्ट असते, इथे उपाशीपोटी जाऊन थेट दोन तासांची, बरोबर पुस्तक आणि नंतर खायला काहीतरी ठेवा.

पैशाचं म्हणाल तर व्हिसाच्या अर्जातच हेल्थ सरचार्ज (एनएचएस वापरायची फी) भरलेला असतो, मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पाउंड, त्यात बाळंतपण सगळं आलं. शिवाय मिडवाइफकडून मॅटर्निटी एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मागून घ्या, त्याने बाळ वर्षाचं होईपर्यंत औषधं फुकट आणि एनएचएसच्या दातांच्या डॉक्टरची ट्रीटमेंटही फुकट. हे आपणहून मागावं लागतं. माझ्या शेजारणीला सातव्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं, ती प्रत्येक प्रिस्क्रिप्शनचे पैसे भरत होती.

बॅगेत काय आणू नका

कार सीट अजिबात आणू नका! अमेरिकन कार सीट इथे कायद्याने चालत नाही, इथल्या सीटवर आर४४ किंवा आर१२९ असं लेबल लागतं. आम्ही बेबी शॉवरला मिळालेली महागडी सीट विमानातून आणली आणि ती तशीच माळ्यावर पडून आहे. घरी जाताना गाडी किंवा टॅक्सी असेल तर सीट हाताशी हवीच, तेव्हा आठव्या महिन्यातच इथे घेऊन ठेवा.

ब्रेस्ट पंप, बाटल्या उकळायचं मशीन, यांच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. १००-२४० व्होल्ट असेल तर नुसता प्लग बदलून चालतं, फक्त १२० असेल तर तिथेच कुणाला तरी देऊन टाका कारण इथे २३० व्होल्ट आहे, जळेल. क्रिबच्या चादरीही आणू नका, मापं वेगळी आहेत.

आणायचं काय, तर अमेरिकेतले सगळे रिपोर्ट छापून, ब्लड ग्रुप, आधीचे स्कॅन, लसींचा कागद. आणि भारतातून कुणी येणार असेल तर जुन्या मऊ सुती साड्यांची दुपटी. अळीव, डिंक, खारीक हे सगळं इथे भारतीय दुकानांत मिळतं, साउथॉल, वेंब्ली, स्लाव, कुठेही.

शब्द मात्र पाठ करून ठेवा. डायपरला नॅपी, क्रिबला कॉट, पॅसिफायरला डमी, स्ट्रोलरला बग्गी किंवा पुशचेअर, शॉट्सना जॅब्ज, इमर्जन्सी रूमला ए अँड ई. टायलेनॉल म्हटलं तर केमिस्ट नुसता बघत राहतो, इथे ते पॅरासिटामॉल, लहान बाळांचं सगळे कॅलपॉल म्हणतात.

नोकरी असेल तर

माझी नव्हती म्हणून थोडक्यात सांगते. अमेरिकेत एफएमएलए या रजेच्या कायद्याचे बारा आठवडे, तेही बिनपगारी. इथे ५२ आठवडे रजा, त्यातले ३९ पगारी, पहिले सहा आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के आणि पुढचे ३३ एका ठरावीक रकमेने. ती दर एप्रिलला बदलते, २०२५-२६ मध्ये आठवड्याला १८७.१८ पाउंड होती. पण हा पगार मिळायला त्या कंपनीत तुम्ही बाळाच्या तारखेआधीच्या पंधराव्या आठवड्यापर्यंत सलग २६ आठवडे काम केलेलं पाहिजे, म्हणजे दिवस राहिल्यावर येऊन नोकरी धरली तर बहुतेक बसत नाही, मग मॅटर्निटी अलाउन्स (सरकारी भत्ता) मिळतो का ते बघायचं. विसाव्या आठवड्यानंतर मिडवाइफ मॅट बी१ नावाचं गरोदरपणाचं सर्टिफिकेट देते, ते एचआरला द्यावं लागतं, हरवू नका. आणि ही मॅटर्निटी पे आणि अलाउन्स "पब्लिक फंड्स"मध्ये (व्हिसावाल्यांना बंद असलेल्या सरकारी मदतीत) मोडत नाही, व्हिसावर असलात तरी हक्काने घ्या.

हॉस्पिटल

बॅग भरताना असं समजा की हॉस्पिटल काहीच देणार नाही. नॅप्या, कापूस, मोठे पॅड, टॉवेल, बाळाचे कपडे, वरचं दूध पाजणार असाल तर तेही, सगळं आपलं. अमेरिकेत हॉस्पिटलातून निघताना पिशवी भरून देतात तसं इथे नाही. बाळंतपणानंतर वॉर्डात चार-सहा खाटा आणि मधे पडदा, रात्री नवऱ्याला थांबू देतील की नाही ते हॉस्पिटलवर अवलंबून, आधी विचारून ठेवा.

कळा सुरू झाल्या की गॅस अँड एअर देतात, नळीतून ओढायचं, अर्धा नायट्रस ऑक्साइड अर्धा ऑक्सिजन. मला त्याने बराच आराम पडला. एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) हवं असेल तर लेबर वॉर्डच घ्यावा लागतो, मिडवाइफच्या बर्थ सेंटरमध्ये ते मिळत नाही, हे ठिकाण निवडतानाच डोक्यात ठेवा.

लेक झाली पहाटे. वीस मिनिटांत एक बाई ट्रे घेऊन आल्या, दोन टोस्ट, लोणी आणि दुधाचा चहा. इथली पद्धतच आहे ती. मी आयुष्यात इतका गोड चहा प्यायले नाहीये. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडलं, आणि दाराशी कुणी कागद पुढे केला नाही. आईने एडिसनहून पहिला प्रश्न विचारला बाळ कसं आहे, दुसरा बिल किती झालं. मी म्हटलं नाही झालं, तिला पटेचना.

पहिले चौदा दिवस, घरी कोण कोण येतं

हा भाग नीट वाचा कारण अमेरिकेत हे नसतं. तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओल्या अंगाने बाळ घेऊन आपण पीडियाट्रिशियनकडे जातो. इथे बाळाचा वेगळा डॉक्टर नसतो, निरोगी बाळ जीपी आणि हेल्थ व्हिजिटर (लहान मुलांसाठी घरी येणारी नर्स) मिळून बघतात, पीडियाट्रिशियनकडे त्यांनी पाठवलं तरच जायचं.

घरी आलात की पुढच्या एक-दोन दिवसांत मिडवाइफ येते. पाचव्या दिवशी पुन्हा. आमच्याकडे आली तेव्हा बाहेर पाऊस, तिने बूट दारात काढले, हात धुतले आणि हॉलमध्ये सतरंजीवरच बसली. पिशवीतून वजनकाटा काढला, लेकीला उघडं करून ठेवलं, दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरलेलं चालतं म्हणाली आणि आमचं सहाच टक्के उतरलं होतं. मग लेकीचा पाय कोमट ठेवायला मोजा चढवून ठेवलेला तो काढला, टाचेला टोचलं आणि एका कार्डावर चार गोल होते त्यात एकेक करून रक्ताचे थेंब भरले. ही हील प्रिक टेस्ट, सिकल सेल, थायरॉइड असले जन्मजात आजार त्यात कळतात. चौथा गोल भरेस्तोवर लेक लालबुंद झाली होती, मिडवाइफ म्हणाली पाजत पाजत करूया, आणि खरंच, दूध तोंडात गेल्यावर तिला टोचल्याचं भानही राहिलं नाही.

दहा ते चौदा दिवसांत हेल्थ व्हिजिटर येते, तिथून पुढे पाच वर्षांपर्यंत तिचं खातं. पुन्हा सांगते, सर्जरीत तुमचा पत्ता आणि फोन बरोबर आहे ना ते बघा. माझ्या एका मैत्रिणीने आठव्या महिन्यात घर बदललं आणि पत्ता बदलायचा राहिला, तिच्याकडे महिनाभर कुणी आलंच नाही.

रेड बुक नावाचं लाल पुस्तक मिळतं, बाळाचं वजन, लसी, तपासण्या सगळं त्यात, प्रत्येक ठिकाणी घेऊन जायचं. काही भागांत आता ते ॲपवर आलंय. वजन किलोत लिहितात पण शेजारच्या आजी विचारतात तेव्हा पाउंड आणि औंसातच विचारतात, त्यामुळे आपल्याला अमेरिकेची सवय इथे उपयोगी पडते.

खरं सांगा

इथे सगळे "यू ऑल राइट?" म्हणतात आणि आपण "फाइन, थँक यू" म्हणून पुढे जातो, तो नमस्कार असतो, प्रश्न नसतो. पण हेल्थ व्हिजिटर विचारते तो प्रश्न असतो. मला हे कळायला दोन भेटी गेल्या.

तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा सासूबाई नुकत्या ठाण्याहून आलेल्या, बाळ त्यांच्या मांडीवर, त्या कौतुकाने सगळं दाखवत होत्या आणि मी हसत होते. मी रोज पहाटे चारला न्हाणीघरात दार लावून रडायचे हे घरात कुणाला माहीत नव्हतं. त्या हेल्थ व्हिजिटर बाईंनी काय केलं, म्हणाल्या तुझा चहा छान असतो, चल मी मदत करते, आणि स्वयंपाकघरात येऊन दार ओढून घेतलं. किटली उकळेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग हळूच विचारलं, बाळाचं नको सांगू, तुझं सांग, रात्री कसं जातं. आणि मग सगळं बाहेर आलं.

त्यांनी आईच्या मनःस्थितीबद्दलचा एक दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला, त्याला एडिनबरा स्केल म्हणतात, स्कॉटलंडमध्येच १९८७ साली तयार झालेला आणि आता जगभर वापरतात. जीपीला फोन केला, टॉकिंग थेरपीजचं (बोलून मनावर उपचार करणारी एनएचएसची सेवा) नाव दिलं, तिथे आपण स्वतःहूनही नाव देऊ शकतो आणि बाळंतिणींना लवकर घेतात. बारा आठवडे मी दर गुरुवारी फोनवर बोलले. कुणीही माझ्या आईपणावर शंका घेतली नाही, बाळ काढून घेतील ही जी भीती आपल्या मनात असते ना, तसलं काही झालं नाही. प्लीज सांगा. इंग्रजीत मन मोकळं होत नसेल तर दुभाषी मागा, एनएचएस फुकट देते. घरच्या माणसाला दुभाषी करू नका, त्यांच्यासमोर आपण खरं बोलत नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी जीपीकडे बाळाची आणि आईची दोघांची तपासणी असते. बाळाचं पत्र येतं, आईचं कधी कधी आपण फोन करून ठरवावं लागतं. टाके, दुखणं, मन, पाळणा लांबवायचं काय, सगळं त्यात विचारा, लाजू नका.

आजीची पद्धत आणि इथला सल्ला

दोन आज्या, दोन मतं. सासूबाईंशी मला वाद घालायचा नव्हता आणि त्यांनी स्वतः तीन बाळंतपणं केलेली, म्हणून मी प्रत्येक गोष्ट हेल्थ व्हिजिटरला त्यांच्यासमोरच विचारली, आणि तिने कारण सांगितलं की त्या ऐकायच्या. तेच इथे सांगते.

बाळगुटी मधात उगाळून, नको. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून बोटुलिझम होऊ शकतो. काजळ, सुरमा नको, त्यात शिसं असू शकतं. धुरी नको, बाळाच्या छातीला धूर वाईट, आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्मोक अलार्म वाजून सगळी बिल्डिंग खाली येते. तेल मालीश चालेल, गरम पाण्याने अंघोळ चालेल पण आधी कोपराने पाणी बघून. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खुशाल. हेल्थ व्हिजिटरने स्वतः लाडू खाऊन दुसरा मागून घेतला.

झोपेचं जास्त महत्त्वाचं. बाळ पाठीवर, वेगळ्या कॉटमध्ये पण आपल्याच खोलीत, पहिले सहा महिने. उशी नाही, गोधडी नाही, टोपी नाही. आपल्याला वाटतं एवढी थंडी, बाळ गारठेल, पण इथे खोली १६ ते २० डिग्री ठेवा म्हणतात, आणि बाळ जास्त तापणं हाच धोका. अमेरिकेत आमचा हीटर ७२ फॅरनहाइटला असायचा, म्हणजे २२, तेवढं इथे जास्त धरतात. दुपटं सासूबाईंना गुंडाळायचंच होतं, तर पातळ सुती, खांद्याच्या खाली, आणि बाळ वळायला लागलं की बंद, असं ठरलं.

अंगावर पाजत असाल तर बाळाला पहिल्या दिवसापासून व्हिटॅमिन डीचे थेंब, रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम, आणि स्वतः १०. इथे ऊन कमी आणि आपली कातडी सावळी, हे टाळू नका.

वरचं दूध पाजणाऱ्यांनी हे मात्र नक्की बघा. अमेरिकेत साधारण ६० मिली पाण्याला एक चमचा पावडर असते, इथे ३० मिलीला एक. अमेरिकेतला डबा आणि इथला डबा एकाच घरात असेल तर रात्रीच्या झोपेत चूक व्हायला वेळ लागत नाही, तिथला डबा आणूच नका. आणि पाणी उकळून, अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घालायची, मग गार करून पाजायचं, कारण पावडरीत जंतू असू शकतात.

लसी

इथे ८, १२ आणि १६ आठवडे, मग बाळ एक वर्षाचं झाल्यावर. अमेरिकेतल्या २, ४, ६ महिन्यांशी जुळत नाही, घाबरू नका. कांजण्यांची लस इथे फुकट मिळतच नव्हती, ती जानेवारी २०२६ पासून गोवर-गालगुंडाच्या लसीबरोबर द्यायला लागले आणि माझ्या लेकीला पहिल्या वाढदिवसानंतर मिळाली. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणी भारतात जन्मलं असेल तर बीसीजीही (क्षयाची लस) देतात, साधारण महिन्याच्या बाळाला, पत्र आलं नाही तर विचारा.

रात्री ताप आला तर

लेक सहा आठवड्यांची, रात्री अडीच, अंग गरम. माझ्या अमेरिकन थर्मामीटरवर १००.८. मी घाबरून फोनवर सेल्सिअस काढत बसले, ३८.२. हे डोक्यात कोरून ठेवा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा वर ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही, १११ ला (एनएचएसचा सल्ल्याचा नंबर) फोन करायचा. श्वास लागतोय, ओठ निळे पडलेत, बाळ जागं होत नाहीये, तर सरळ ९९९ (इमर्जन्सीचा नंबर). १११ वाल्यांनी बारा-पंधरा प्रश्न विचारले, नॅपी किती ओल्या झाल्या, टाळू फुगलीये का, आणि लगेच ए अँड ईला जायला सांगितलं. तिथे रक्त, लघवी सगळं तपासलं, साधा व्हायरल निघाला, दुपारी घरी. सेल्सिअसचा थर्मामीटर मी त्याच संध्याकाळी घेतला, तुम्ही आधी घ्या.

कागदपत्रं, याच क्रमाने

बेसिक गोष्ट: इथे जन्मलं म्हणून बाळ ब्रिटिश होत नाही. १९८३ पासून नियम असा की आईबाबांपैकी एक तरी ब्रिटिश किंवा इथे सेटल्ड (कायम राहायचा हक्क असलेला) असेल तरच. अमेरिकेची सवय असल्यामुळे हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आधी जन्माची नोंद, ४२ दिवसांच्या आत, रजिस्टर ऑफिसची वेळ घेऊन, स्कॉटलंडमध्ये २१ दिवस. सर्टिफिकेट १२.५० पाउंडला एक, पूर्ण नमुन्याच्या दोन-तीन प्रती घेऊन टाका. लग्न झालेलं नसेल तर बाबांचं नाव लावायला सहसा बाबांनीही जायला लागतं.

मग अमेरिकेकडे जन्माची नोंद, तिला सीआरबीए म्हणतात, १०० डॉलर. ऑनलाइन अर्ज, नंतर लंडनला नाइन एल्म्सच्या एम्बसीत बाळाला घेऊन प्रत्यक्ष. दोघांपैकी एकच अमेरिकन असेल आणि लग्न झालेलं असेल तर त्याने बाळाच्या जन्माआधी अमेरिकेत पाच वर्षं काढलेली असली पाहिजेत, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची, आणि ती कागदांनी दाखवावी लागतात. मी शाळा-कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्ट (मार्कांचे दाखले) आणि डब्ल्यू-२ (पगाराचे टॅक्सचे कागद) नेले. शाळेकडून कागद यायला महिना गेला, म्हणून गरोदरपणातच मागवून ठेवा. पासपोर्टचा अर्ज त्याच भेटीत, १३५ डॉलर. फोटो दोन इंच बाय दोन इंच, इथल्या फोटोवाल्याला तोंडाने सांगितलं नाही तर तो ब्रिटिश माप देतो, आमची एक खेप त्यातच गेली.

पासपोर्ट आला की बाळाचा डिपेंडंट व्हिसा, तुमच्या व्हिसाला जोडलेला. तीन महिन्यांच्या आत अर्ज करून टाका, फुकट उपचारांची बाळाची सूट तेवढीच असते, पुढे त्याचा सरचार्ज भरावा लागतो, वर्षाला ७७६ पाउंड. आणि व्हिसा हातात येईपर्यंत आजोळी जायची तिकिटं काढू नका, परत येताना अडाल.

चाइल्ड बेनिफिट (मुलासाठीचा सरकारी भत्ता) हा पब्लिक फंड आहे, व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" असेल तर मैत्रीण घेते म्हणून अर्ज करू नका, व्हिसाला त्रास होऊ शकतो. नवरा ब्रिटिश किंवा सेटल्ड असेल तर त्याने जरूर करावा, तीन महिन्यांच्या आत, मागचे पैसे तेवढेच मिळतात. नर्सरीचे आठवड्याचे फुकट तीस तासही तसेच, सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्यांना नवव्या महिन्यापासून मिळतात, पण दोघांपैकी एकाला तरी पब्लिक फंड्सचा हक्क हवा. तीन वर्षांच्या पुढे १५ तास सगळ्यांना.

आणि अमेरिकेचा टॅक्स रिटर्न इथूनही भरायचाच. बाळाच्या नावाने ज्युनिअर आयएसए (मुलांचं करमुक्त बचत खातं) उघडण्याआधी दोन्हीकडचा टॅक्स कळणाऱ्याला विचारा.

आज्यांचं: अमेरिकन पासपोर्टवाल्या आजीला जानेवारी २०२५ पासून ईटीए (प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी) लागतं, फोनवरून होतं. भारतीय पासपोर्टवाल्या आजीला व्हिजिटर व्हिसा, एका वेळी सहा महिने, बाळंतपणाच्या तीन महिने आधीच तयारीला लागा. अर्जात मुलीला, सुनेला भेटायला असंच खरं लिहा.

घराबाहेर

सासूबाई परत गेल्या त्या सोमवारी घर एकदम शांत झालं आणि मला फार जड गेलं. तेव्हापासून मी रोज एकदा बाहेर पडायचं ठरवलं, पाऊस असला तरी. चर्चच्या हॉलमध्ये स्टे अँड प्ले असतं, एक-दोन पाउंड देऊन चहा-बिस्किट आणि बाळांना लोळायला चटई, कुणी धर्म विचारत नाही. बसमध्ये बग्गीची जागा असते पण व्हीलचेअर आली तर ती त्यांची, घडी घालता येईल अशीच बग्गी घ्या. लंडनच्या जवळ असाल तर महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, गणपतीला गेलात तर चार मराठी आया सहज भेटतील, मला दोघी तिथेच भेटल्या आणि आता एकीच्या बाळाचं बारसं, एकीच्या बाळाचं उष्टावण, असं चालू असतं.

पण सगळ्यात सोपी लायब्ररी. तुमच्या गावच्या लायब्ररीत बहुतेक ऱ्हाइम टाइम असेल, फुकट, अर्धा तास, गोल बसून गाणी म्हणायची. इंग्रजी बडबडगीतं येत नसली तरी चालतं, दुसऱ्या आठवड्यात येतात, आणि आमच्याकडच्या बाई दर महिन्याला एका आईला तिच्या भाषेतलं म्हणायला सांगतात. रेडिंगला असाल तर मला शोधा, मंगळवारी साडेदहाला मी असते, बग्गी दाराशी लावायची, बूट काढायचे, आणि मागच्या खोलीत निळ्या चटईवर.